बियांचा डाव

"सुनंदा, तिका सांग, असो नारळ खवणत नाय."

सुनंदानं कांदा चिरता चिरता मान वर केली. जिला सांगायचं ती तिच्यापासून हातभर अंतरावर विळीवर बसली होती. आणि सांगणाऱ्या काशीबाई स्वयंपाकघराच्या दारातच स्टूल टाकून बसल्या होत्या. बहरीनच्या गुदैबिया वस्तीतल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढंसं, की तिघींपैकी एक जरी शिंकली तरी बाकीच्या दोघींना पदर सावरावा लागे.

"चान्थू, आई म्हणतायत, नारळ जरा हळू फिरव."

"हो, वैनी," चान्थू म्हणाली आणि नारळ हळू फिरवू लागली.

"आणि तिका सांग, खोबरा ताटात पडाक व्हया, जमनीर न्हय."

"चान्थू, ते ताट जरा..."

सुनंदाचं वाक्य पुरं व्हायच्या आत चान्थूनं ताट पुढे ओढलं होतं. सुनंदाच्या ते लक्षात आलं, पण सकाळपासून इतके निरोप पोहोचवून झाले होते की त्यावर विचार करायलाही तिला सवड नव्हती.

होळीनंतर काशीबाई देवगडहून बहरीनला आल्या, तेव्हापासून घरात हे असंच चाललं होतं. थोरल्या सुनेशी बोलायचं, धाकटीशी नाही. धाकटीला काही सांगायचं असलं की ते थोरलीला सांगायचं, तेही अशा खणखणीत आवाजात की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण जुबैदालासुद्धा कळावं. गंमत अशी की लग्नाआधी चान्थू स्वतःच दुभाषी होती. थायलंडच्या सीमेवर, कंबोडियातून तिच्यासारख्याच पळून आलेल्या लोकांच्या छावणीत, पाणीपुरवठ्याच्या कामावर गेलेल्या शिरीषला ती भेटली ती तिथल्या बायकांचं बोलणं त्याला समजावून सांगताना. आता तिच्यासाठी सुनंदाला दुभाषी नेमलं होतं, तेही बिनपगारी.

काशीबाईंचा राग खरं तर मुलावर होता. शिरीषनं बँकॉकला लग्न केलं आणि आईला कळवायचं आज-उद्या करत राहिला. तोवर ती बातमी सौदीला जोडणाऱ्या नव्या पुलाच्या कामावर ड्रायव्हर असलेल्या गावच्या महादेवनं आपल्या बायकोला कळवली, तिनं विहिरीवर सांगितली, आणि काशीबाईंना आपल्या धाकट्या मुलाचं लग्न झाल्याचं कपडे धुताना समजलं. ते त्या विसरायला तयार नव्हत्या. पण मुलगा समोर आला की त्याचं वाळलेलं तोंडच आधी दिसे, आणि मग उरलेला सगळा राग त्या सुनेच्या वाट्याला देत. तिचं नाव चंदूसारखं लागतं, आणि चंदू म्हणजे आपल्या तिठ्यावरचा न्हावी. ती भातावर वरण घेत नाही. ती हसते तेव्हा डोळे मिटतात. "आणि नाक खंय आसा गो तिका? शोधूक होया!" असं त्या एकदा जेवणाच्या टेबलावरच म्हणाल्या होत्या. चान्थू खाली मान घालून कोशिंबीर वाढत होती.

काल पाडवा झाला. पण गुरुवारी ऑफिसं चालू, म्हणून गुढी उभारली काल आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं आज, शुक्रवारी. महादेव येणार होता. जुबैदालाही बोलावलं होतं. सुनंदाला मात्र सकाळपासून धास्ती होती, ती स्वयंपाकाची नव्हे.

काल संध्याकाळी गुढी उतरवताना गच्चीवर शिरीष हळूच म्हणाला होता, "वहिनी, व्हिसा आलाय. फ्रान्सचा. लियोंला चान्थूची मावशी आहे ना, तिथे जातो. उद्या जेवणं झाली की आईला सांगून टाकणार."

"कायमचं?"

"कायमचंच. रोज हे असं ऐकून घ्यायचं, त्यापेक्षा बरं."

"चान्थू काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? ती कधी काही म्हणते का?" शिरीषनं गुढीचं जरीचं वस्त्र चार वेळा घडी घालून पुन्हा उलगडलं. "दादाला आत्ता सांगू नका. तो आधी दोन्ही बाजूंचं कसं बरोबर आहे ते समजावत बसेल."

ते खरंच होतं. सुनंदाचा नवरा शरच्चंद्र बँकेत अकाउंटंट होता आणि घरातही तसाच वागे, कुठल्याच बाजूला काही शिल्लक राहता कामा नये. पण सुनंदाला रात्रभर झोप लागली नव्हती. या बेटावर येऊन तिला तेरा वर्षं झाली होती. ओळखी पुष्कळ झाल्या, हळदीकुंकवं झाली, पण बाब अल बहरीनच्या गल्ल्यांतून हातात हात घालून हिंडावं, काही विकत न घेता दहा दुकानांतल्या बांगड्या घालून बघाव्यात आणि हसत हसत परत यावं, असं माणूस तिला गेल्या सप्टेंबरात चान्थू आली तेव्हा पहिल्यांदा मिळालं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. हसायला तेवढी पुरत होती.

"हेमा, माझी पिशवी हाड गो," काशीबाईंनी नातीला हाक मारली. "आणि सहाण. ढोपार भरून इला बग."

चौदा वर्षांची हेमा कानातला हेडफोन न काढताच पिशवी घेऊन आली. काशीबाईंनी नाडी सोडली आणि ओट्यावर पिशवी उलटी केली. मोठमोठ्या, चपट्या, तपकिरी बिया खडखडत ओट्यावर पसरल्या. तळहातात एकच मावेल एवढी एकेक, आणि पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत.

"वॉव. आजी, व्हॉट आर दीज?"

"गारंबीच्या बिया. रानात येल असता, ह्या एवढी लांब शेंग. उगाळून लावल्यार सूज उतारता."

विळीवरून खटकन आवाज आला. चान्थूच्या हातातली नारळाची कवड खाली पडली होती. ती उठली, ओल्या हातांनीच तिनं ओट्यावरची एक बी उचलली. मग दुसरी उचलली. दोन्ही एकमेकींवर आपटल्या. टॉक!

"अंकुन्य!" ती म्हणाली. सुनंदानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे तर मिटले होतेच. "वैनी, अंकुन्य! आमच्या गावी!"

"तुझ्या गावी गारंबी मिळते?"

"नया साल, वैनी. आमचा नया साल. आज, कल, परसो. सगळे लोग खेळतात." तिनं बी ओट्यावर उभी केली, दुसरीनं नेम धरून पाडली. "असा!"

"तिका सांग," काशीबाई म्हणाल्या, "ह्या औषध आसा. खेळणा न्हय."

चान्थूनं एक क्षण सासूकडे पाहिलं. मग ती सुनंदाकडे वळली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "वैनी, आईंना सांगा, हा खेळ आहे. औषध नाही."

हेमा फिस्सकन हसली. काशीबाईंनी सहाणेवर बी उगाळायला सुरुवात केली. दाणदाण उगाळली. पण सुनंदानं पाहिलं, उरलेल्या बिया त्यांनी पिशवीत परत भरल्या नाहीत.

जेवणं झाली. काशीबाईंनी कालचं श्रीखंड घेतलं, पुऱ्या घेतल्या, बटाट्याची भाजी दोनदा घेतली. चान्थूनं नारळाच्या दुधातला गोड भात केला होता, तो सगळ्यांच्या ताटांत फिरून काशीबाईंच्या ताटाला वळसा घालून पुढे गेला. महादेवनं तो तीनदा मागून घेतला, म्हणून चान्थूला जरा बरं वाटलं असावं. शिरीष जेवत नव्हता, नुसता भात इकडून तिकडे करत होता. मग त्यानं ताट बाजूला सारलं आणि घसा खाकरला.

"आये, माका जरा तुका सांगूचा आसा..."

"आधी खेळ!" सुनंदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती स्वतःही दचकली होती. एवढ्या मोठ्या आवाजात आपण या घरात शेवटचं कधी बोललो होतो, ते तिला आठवेना.

"चान्थूच्या गावचा खेळ आहे. आज त्यांचंही नवं वर्ष आहे. उन्हं कलली की सगळ्यांनी गच्चीवर यायचं. जे काय बोलायचं असेल ते नंतर बोला, भावजी."

"जेवणावर झोपायचं सोडून खेळ कसला?" शरच्चंद्र म्हणाला.

"अहो, झोपा की. पण चार वाजता उठा."

शिरीषनं वहिनीकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली आणि ताटं उचलायला लागली. तेवढाच तासा-दोन तासांचा उशीर, असं ती मनाशी म्हणत होती. त्यानं काय बदलणार होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शेजारी घर बांधायचं काम चाललं होतं, तिथून महादेवनं घमेलंभर वाळू आणली. चान्थूनं गच्चीच्या दोन टोकांना वाळूचे दोन बांध घातले. मग पदर खोचून ती सुनंदाला दाखवायला लागली आणि सुनंदा बाकीच्यांना सांगायला लागली. प्रत्येक बांधावर पुढे तीन बिया उभ्या करायच्या, ती पोरं. मागे एकटी मोठी बी, ती आई. उरलेल्या बियांनी नेम धरून समोरच्यांची पोरं आधी पाडायची, आई सगळ्यांत शेवटी. आधीच आईला बी लागली तर तो डाव जळाला.

"ह्या बरा आसा," पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या काशीबाई म्हणाल्या. "आवशीक हात लावूचो नाय. तिका सांग, खेळ बरो आसा."

चान्थूला ते सांगायची गरज पडली नाही. ती हसत होती.

एका बाजूला शरच्चंद्र, शिरीष आणि महादेव. दुसऱ्या बाजूला चान्थू, हेमा आणि सुनंदा. जुबैदा जिन्यावरून धापा टाकत वर आली, हलव्याचा डबा कठड्यावर ठेवला आणि काशीबाईंच्या शेजारी जमिनीवरच बसली. "यल्ला, शुरू करो! मैं देखती हूँ कौन झूठ खेलता है."

शरच्चंद्रनं पहिली बी फेकली. ती बांधापर्यंत पोहोचलीच नाही. महादेवची बी वेगानं गेली आणि दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलमध्ये अडकली. हेमानं ऐटीत पहिल्याच फेकीत एक पोर पाडलं आणि "येस्स!" म्हणून उडी मारली. मग सुनंदाची पाळी आली. तिनं डोळे बारीक केले, हात वर नेला, आणि बी थेट जुबैदाच्या मांडीवर जाऊन पडली.

"खलास!" जुबैदा ओरडली. "ये तो मुझे मारती है! किराया भी देती है और मारती भी है!"

दुसऱ्या पाळीला सुनंदाची बी टाकीवर आदळली. तिसऱ्या पाळीला ती स्वतःच्याच पायावर पडली. काशीबाई खुर्चीत चुळबुळ करत होत्या. मग त्यांना राहवेना.

"अगो, मनगट सैल सोड! काय भाकरी थापतंस?"

"आई, मला नाही जमत."

"बघवत नाय माका." काशीबाई उठल्या. दुखरा गुडघा धरून त्या गच्चीच्या मध्यापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. सुनंदाला वाटलं, आता या आपल्या हातातली बी घेणार आणि चान्थूच्या शेजारी उभ्या राहणार. पण काशीबाई सरळ मुलांच्या बाजूला गेल्या.

"शरद, सर बाजूक. तुका ह्या जमाचा नाय."

"मला वाटलंच," असं म्हणून शरच्चंद्र खुशीत खुर्चीवर जाऊन बसला.

"काकी, तुमी?" महादेवचे डोळे चमकले. "माझी आवस सांगी, शिमग्यात काजीच्या बियांचो डाव मांडलो की काशी असली तर पोरगे खेळूकच येयनत नाय."

"येतले कशे? सगळ्यांच्या काजी मीच जिंकून नेयत होतंय." काशीबाईंनी बी तळहातावर तोलली. "लगीन झाल्यार सासयेन बंद केल्यान. सून कधी बिये खेळता?"

त्यांनी ते सहज सांगितलं आणि बी सोडली. ना हात उगारला, ना नेम धरल्यासारखं केलं. मनगट तेवढं हललं. समोरचं मधलं पोर आडवं झालं. दुसरी बी फेकली, कडेचं पोर गेलं.

"आजी!" हेमा किंचाळली. "दॅट्स नॉट फेअर! शी इज अ प्रो!"

जुबैदानं जीभ वळवून, अरबी लग्नांत बायका काढतात तो लांब सूर काढला. आजूबाजूच्या दोन गच्च्यांवरून माणसं डोकावली.

चान्थू बराच वेळ सासूकडे बघत राहिली. मग तिनं पदर आणखी घट्ट खोचला. तिच्या चेहऱ्यावर आता सून नव्हती, खेळगडी होती. तिनं उकिडवं बसून बी फेकली आणि समोरचं दुसरं पोर उडवलं. काशीबाईंची भुवई वर गेली. आता मुलांच्या बाजूचं एक पोर उरलं होतं, आणि मुलींच्याही बाजूचं एकच.

पाळी शिरीषची होती. त्याचं लक्षच नव्हतं. तो सकाळपासून पोटात धरून ठेवलेलं वाक्य घोळवत असणार, हे सुनंदाला इथूनही दिसत होतं. त्यानं कशीबशी बी फेकली, ती हेमाच्या डोक्यावरून कठड्यापर्यंत गेली.

"मेल्या!" चान्थू ओरडली. "तुजा लक्ष खंय आसा?"

शिरीषचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग महादेव जो हसायला लागला तो खालीच बसला.

"ही..." काशीबाई अडखळल्या. "ही खयसून शिकली?"

"फ्रॉम यू, आजी," हेमा म्हणाली. "यू शाउट सो लाउडली. शी अंडरस्टँड्स एव्हरीथिंग."

चान्थूनं हातानं तोंड झाकलं होतं. काशीबाई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांतली वाक्यं एकामागून एक सरकत असलेली सुनंदाला स्पष्ट दिसत होती. न्हावी. वरण. मिटलेले डोळे.

"म्हणजे मी बोललंय ता सगळा..."

"सगळा नाय," चान्थू हळूच म्हणाली. "थोडा थोडा."

"आणि ता... नाकाचा?"

चान्थूनं बोट उचललं आणि स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. "नाक हंय आसा, आई. शोधूक नको."

शरच्चंद्र खुर्चीतून हसता हसता घसरला. जुबैदाला काही कळलं नव्हतं, तरी ती सगळ्यांहून जास्त हसत होती आणि सुनंदाला दंडाला धरून "क्या बोली? क्या बोली?" विचारत होती. काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआड काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

"फेक," पदर काढून त्या म्हणाल्या. आवाज शक्य तितका कडक होता. "बडबड नको. तुझी पाळी."

हे त्या सुनंदाला म्हणाल्या नव्हत्या.

चान्थूनं उरलेलं पोर पाडलं. तशीच दुसरी बी उचलली, एकदाच फुंकर मारली आणि मागच्या आईला बरोबर मधोमध टिपलं. हेमानं काकूला मिठी मारली. सुनंदाही धावली. आपण एकही बी पाडली नाही हे ती पार विसरली होती.

"जिंकलो! आता काय मिळतं आम्हाला?"

चान्थूचं हसू ओसरलं. ती हातातल्या दोन बियांकडे पाहत राहिली. "काही नाही, वैनी."

"काही नाही कसं? बक्षीस असेल ना."

"जो हारतो, त्याच्या गुडघ्यावर मारतात. अंकुन्यनं. टॉक." ती घाईघाईनं म्हणाली. "पण आज नको."

"नको, नको," शिरीष पुढे झाला. "आयेचा ढोपार आधीच..."

"तू गप रव," काशीबाई म्हणाल्या. "हरलंय मी. तू कित्याक मधी बोलतंस?" त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, शरच्चंद्रला उठवून. लुगडं जरा वर घेतलं. गुडघ्यावर सकाळचा लेप वाळून पापुद्रे धरले होते. "येवा. मारा."

चान्थू त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. तिनं बी इतकी हळू टेकवली की आवाजही आला नाही.

"ह्या काय? माशी बसली?"

चान्थूनं पुन्हा मारली. टॉक. हलकाच. मग तिचा हात तिथेच राहिला, गुडघ्यावर. सुनंदा जवळ गेली तेव्हा तिला दिसलं, चान्थू रडत नव्हती. ती त्या गुडघ्याकडे बघत होती, खूप लांबचं काही बघावं तसं.

"माझी आजी अशी बसायची," ती म्हणाली. कुठली भाषा बोलतोय याकडे आता तिचं लक्ष नव्हतं, मराठी, हिंदी, मालवणी सगळं एकत्र येत होतं. "बाटंबांगला, आमच्या गावी. झाडाखाली. ती नेहमी हारायची. मुद्दाम. मी मारायचं म्हणून. मग ते बंदुकवाले लोक आले. नया साल बंद. खेळ बंद. चार बरस. मग आजी नाय. कोण नाय."

शेजारच्या गच्चीवरची माणसं आत निघून गेली होती. सुनंदाला वाटलं, एवढे महिने आपण हिच्याबरोबर बाजारभर हिंडलो, आणि कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, म्हणून हसत राहिलो.

काशीबाईंनी गुडघा पुढे केला. "जोरान मार गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजीक मारायचंस तसा."

चान्थूनं मान वर केली. मग तिनं बी उचलली आणि मारली. टॉक! आवाज गच्चीभर गेला. काशीबाई "आई गे" म्हणून कळवळल्या आणि लगेच म्हणाल्या, "आता कसा!"

आणि नेमकं तेव्हाच शिरीषला धीर झाला. किंवा धीर सुटला. "आये, आमी जातंव," तो म्हणाला. "फ्रान्साक. पुढच्या म्हयन्यात. तिची मावशी आसा थंय. व्हिसा इलो."

शरच्चंद्र ताडकन वळला. "काय? आणि मला कधी सांगणार होतास?" त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं. "छान. म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं."

"माका म्हायत नव्हता," काशीबाई म्हणाल्या.

त्या शिरीषकडे बघतही नव्हत्या. समोर गुडघे टेकून बसलेल्या सुनेकडे बघत होत्या. सुनंदाच्या मनात आलं, आता हिला दोष देणार. हिनंच मुलाला तोडलं म्हणणार.

"तुका जाऊचा आसा?" काशीबाईंनी विचारलं.

सवयीनं सुनंदानं भाषांतर करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

चान्थूनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "माका मावशीक बघूचा आसा," ती शब्द जुळवत म्हणाली. "ती एकच आसा. बघूचा, मग परत येवचा. हंय रवाचा."

"परत?" शिरीष म्हणाला. "चान्थू, पण तू मला कधी बोलली नाहीस! मी हे सगळं तुझ्यासाठीच..."

"तू विचारलंस नाय."

"अगं, पण ही आई रोज तुला..."

"आई बोलता," चान्थू म्हणाली. "बोलणारा माणूस घरात असूक होया. माझ्या घरात कोण बोलूक उरला नाय."

महादेवनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. काशीबाई शिरीषकडे वळल्या.

"माका विचारलंस नाय," त्या म्हणाल्या. "तिकाय विचारलंस नाय. मेल्या, लगीन तरी तिका विचारून केलंस, की ताय महादेवाच्या बायलेन सांगल्यान?"

"विचारून केलंय गे, आये," शिरीष पुटपुटला.

"तीनदा विचारला," चान्थू म्हणाली. "दोनदा मी नको म्हटला."

महादेवला पुन्हा हसू आवरेना. "काकी, मगे ह्याचो न्याय काय?"

"न्याय कसलो? बस हंय." काशीबाईंनी समोरच्या जमिनीकडे बोट दाखवलं. "पाय पसर. तूय हरलंस मा? की आवशीनच मार खावचो?"

चौतीस वर्षांचा इंजिनियर शिरीष पाय पसरून गच्चीवर बसला. एका गुडघ्याशी आई बसली, दुसऱ्याशी बायको. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बी उचलली.

त्याचा आवाज खाली रस्त्यावरच्या किराणावाल्यापर्यंत गेला असावा. "हळू! हळू!" तो ओरडत होता. शरच्चंद्र म्हणाला, "तसं बघितलं तर दोघींचंही बरोबर आहे," आणि यावेळी कुणी त्याच्यावर चिडलं नाही. जुबैदानं हलव्याचा डबा उघडला आणि पहिला तुकडा शिरीषच्या तोंडात कोंबला, कारण तो ओरडायचा थांबत नव्हता.

फ्रान्सचं काय करायचं ते नंतर ठरलं. मे महिन्यात दोघांनी जायचं, जून संपायच्या आत परत यायचं, आणि मावशीला यायचं असेल तर तिला घेऊन यायचं. तोवर काशीबाईंच्या व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. कुणी आग्रह केला नव्हता. पण त्या संध्याकाळी एवढं बोलायला कुणाला वेळ नव्हता. हेमा वाळूचे बांध नीट करत होती, मशिदीतून मगरिबची बांग येण्याआधी आणखी एक डाव उरकायचा होता.

"आता नव्यान बाजू पाडूया," काशीबाई म्हणाल्या. त्या लंगडत लंगडत चान्थूच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मी हिच्या बाजूक."

"आणि मी?" सुनंदा म्हणाली.

"तू थंय जा. झिलांकडे." काशीबाईंनी हात हलवला. "तुझो नेम बगून माका कापरा भरता. हंय रवलंस तर आमी हरतलंव."

सुनंदा क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. सून म्हणून सतरा वर्षं, जवळ असो की लांब, सासूबाईंच्या बाजूनं उभं राहून, त्यांचे निरोप पोहोचवून, त्यांच्या चुका सावरून, आज असं सगळ्यांसमक्ष हाकलून दिलं. तिला आत कुठेतरी बारीकसं टोचलं. आणि त्याच्या पाठोपाठ खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. समोर त्या दोघी उकिडव्या बसून बिया लावत होत्या, काशीबाई काहीतरी सांगत होत्या, चान्थू मान डोलवत होती, आणि मध्ये कुणाचीच गरज नव्हती.

ती पलीकडे नवऱ्याशेजारी गेली.

"जरा नेम धर हां," शरच्चंद्र हळूच म्हणाला. "निदान जुबैदाला तरी मारू नकोस."

"अहो, गप्प बसा," सुनंदा म्हणाली. तिनं पदर खोचला, मनगट सैल सोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंच्या बाजूवर नेम धरला.